फाईल परत येऊ नये म्हणून: वकिलांच्या ऑफिसातल्या नव्या सहकाऱ्यांसाठी

सोलापुरात एका दिवाणी वकिलांकडे नुकत्याच कामाला लागलेल्या एका ताईंनी विचारलंय: "बी.कॉम. झालंय, मराठी टायपिंग येतं. पण दावा दाखल करायला गेलं की ऑब्जेक्शन निघून कागद परत येतात. साहेब दिवसभर कोर्टात असतात, समजावून सांगायला कुणी नाही. कागद कसे बसवायचे, फाईल कशी लावायची, कुठून शिकायला सुरुवात करू?"

ताई, मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिलांचा कारकून म्हणून बरीच वर्षं काम करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. सुरुवात फॉन्ट आणि समासापासून करू नका. आधी एक गोष्ट मनात पक्की करा: तुम्ही लावलेली फाईल ज्याच्या हातात जाणार आहे, त्याला तुम्हाला काही विचारता येणार नाही. तपासणीचे लिपिक, न्यायाधीश, समोरचे वकील, पुढं अपिलात रेकॉर्ड उघडणारा माणूस, या सगळ्यांपुढं फक्त कागद असतो. म्हणून कागद हातात घेतला की बघा, प्रकरण माहीत नसलेल्या माणसाला हा कागद कशाचा, कुणाचा आणि कधीचा हे कळतंय का. पुढचं सगळं मी याच नजरेनं सांगतोय.

पक्षकार टेबलावर कागद ठेवतो तेव्हा पहिला प्रश्न तारखेचा. समन्स किंवा नोटीस हातात कधी पडली? तो "मागच्या आठवड्यात" म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. पाकीट मागा, पोस्टाचा शिक्का बघा, बेलिफानं (समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसानं) दिलेल्या प्रतीवर सही-तारीख असेल ती बघा आणि फाईलच्या आतल्या बाजूला पहिल्याच जागी लिहून ठेवा. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालयानं कारण नोंदवून मुदत वाढवली तरी ती बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत जाते. व्यापारी दाव्यात शेवटची हद्द १२० दिवस, आणि ती खरोखरच शेवटची. कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका असा आधीच दिलेला अर्ज, दाखल केलं तर ते ९० दिवसच टिकतं, त्यामुळं संपण्याच्या आधीचा आठवडा डायरीत लाल करून ठेवा. सरकारवर दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० च्या नोटिशीनंतर दोन महिने थांबावं लागतं, म्हणजे नोटीस पोचल्याचा पुरावा फाईलमध्ये हवाच.

दाव्यातला पक्षकार वारला असं नुसतं कानावर आलं तरी त्याच दिवशी साहेबांना सांगा. वारस रेकॉर्डवर घ्यायला मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस असतात. ते गेले की दावा त्या पक्षकारापुरता आपोआप संपतो आणि मग तो जिवंत करायला वेगळे अर्ज आणि वेगळा खुलासा लागतो. गावाकडून आलेला पक्षकार बोलता बोलता "आमचा थोरला गेला की हो दिवाळीत" असं सांगून जातो. साहेब त्या वेळी कोर्टात असतात. ते वाक्य ऐकलेलं असतं फक्त तुम्ही.

नक्कल विभागातून आणलेल्या नकलेच्या, म्हणजे कोर्टाच्या प्रमाणित प्रतीच्या, शेवटच्या पानावर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली याचे शिक्के असतात. ते पान झेरॉक्समध्ये सुटू देऊ नका. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस मिळतात आणि नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ खाली त्यातून वजा होतो. तो हिशोब त्या शिक्क्यांवरच मांडला जातो. निकाल लागला की नकलेचा अर्ज लगेच द्या. अपील करायचं की नाही हे साहेब नंतर ठरवतील.

चेकच्या केसेसबद्दल जरा जास्त सांगतो. सोलापुरात सुताचा, चादर-टॉवेलचा, आडतीचा व्यवहार मोठ्या प्रमाणात उधारीवर चालतो आणि चेक न वटल्याची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची कामं प्रत्येक ऑफिसात असतात. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटल्यावर एक महिन्यात फिर्याद. या तिन्ही तारखा एका चिठ्ठीवर लिहून फाईलच्या दर्शनी भागाला टाचा. मूळ चेक आणि बँकेचा मेमो यांना पंच मारू नका, वर शिक्काही मारू नका. पारदर्शक पाकिटात ठेवा, कामाला झेरॉक्स वापरा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली गेली. त्यामुळं जुन्या नमुन्यातलं "रजि. पोस्टाने पाठवली" हे वाक्य तसंच छापू नका, पावतीवर जे आहे तेच लिहा. पोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट त्याच आठवड्यात छापून घ्या, काही काळानं तो वेबसाईटवर सापडत नाही. आणि सप्टेंबर २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं १३८ च्या प्रत्येक फिर्यादीला ठरलेल्या नमुन्यातला गोषवारा जोडायला सांगितलंय. पक्षकारांचा तपशील, चेकचा तपशील, तो कधी आणि कशामुळं परत आला, नोटिशीच्या तारखा, मागणी, हे सगळं त्यात येतं. तो अनुक्रमणिकेच्या लगेच खाली, मूळ फिर्यादीच्या आधी लागतो. हा नमुना एकदा नीट टाईप करून ठेवा.

आता नावं. ऑब्जेक्शन सगळ्यात जास्त इथं निघतात आणि सोलापुरात त्याला खास कारण आहे. इथं मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच गल्लीत राहतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातलं तेलुगू आडनाव रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि मिळकत पत्रिकेवर तिसरंच असतं. व्यंकटेश कुठं वेंकटेश होतो, अक्कलकोटकडच्या मल्लप्पाचा मलप्पा होतो. नियम असा ठेवा: ज्या कागदावर हक्क टेकलाय, म्हणजे सात-बारा, मिळकत पत्रिका, खरेदीखत, त्यावरचं नाव जसंच्या तसं घ्या आणि दुसरं नाव चालू असेल तर "ऊर्फ" लावून पुढं लिहा. मग दाव्याचं शीर्षक, वकीलपत्र, शपथपत्र, अर्ज, सगळीकडं तेच नाव अक्षर न् अक्षर सारखं. आपल्या मनानं शुद्धलेखन सुधारायचं नाही. शीर्षकात वय, धंदा, पूर्ण पत्ता, तालुका, पिनकोड आणि मोबाईल नंबर घ्या. पक्षकार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा असेल तर पालनकर्त्याचं नाव आणि नातं. "रा. सोलापूर" एवढ्या पत्त्यावर बेलिफ समन्स कुठं बजावणार? पेठ, घर नंबर, जवळची खूण लिहा.

मिळकतीचं वर्णन साहेब सांगतील, पण ताळा तुम्हीच करायचा. शेतजमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार (म्हणजे शेतसारा), गाव, तालुका, चतुःसीमा. शहरातली असेल तर सिटी सर्व्हे नंबर, पेठ, क्षेत्र चौरस मीटरमध्ये. सात-बारा समोर धरून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टाईप केलेलं बघायचं. पूर्व-पश्चिम उलटली तर मनाई हुकूम भलत्याच जागेवर लागेल आणि पुढं कोर्ट कमिशनर जागेवर गेला की सगळा घोळ उघडा पडेल. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर, तेव्हा दोन्ही लिहा.

रकमा आणि तारखांबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेतच आदेश ६ नियम २ मध्ये सांगितलंय: आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहायचं. नवीन मुलं रक्कम तशी लिहितात आणि तारीख नुसती आकड्यात सोडतात.

परिच्छेदांना क्रमांक सलग हवेत. इथं एक धोका आहे. दाव्याच्या शेवटी सत्यापन असतं, त्यात "परिच्छेद १ ते ८ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे आणि ९ ते १२ मिळालेल्या माहितीप्रमाणे खरा" असं येतं. साहेब शेवटच्या क्षणी मधे एक परिच्छेद घालतात, पुढचे क्रमांक सरकतात आणि सत्यापन जुनंच राहतं. उलटतपासणीत समोरचा वकील नेमका तिथं बोट ठेवतो. म्हणून सत्यापनातले आकडे सगळ्यात शेवटी, छापायच्या आधी भरा. "वर परिच्छेद ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे" अशी वाक्यंही तेव्हाच तपासा.

पान कसं बसवायचं? सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० च्या परिपत्रकात स्वतःपुरतं ए-फोर कागद, किमान ७५ जीएसएम, दोन्ही बाजूंनी छपाई, १४ चा अक्षर आकार, दीडपट ओळ-अंतर आणि डावी-उजवीकडं ४ सेंटिमीटर समास असं ठरवलं. आपल्याकडं बरेच जण अजून हिरव्या लेजर कागदावर एकाच बाजूला छापतात. कागद कुठला आणि किती प्रती हे दाखल करायच्या टेबलावर विचारून घ्या. पण डावीकडं ४ सेंटिमीटर कुठंही सोडाच. दाभण-दोऱ्यानं फाईल शिवली की कमी समासातली पहिली अक्षरं शिवणीत जातात आणि न्यायाधीशांना पान वाकवून वाचावं लागतं.

पान कुठं तुटतंय याकडं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. सहीचं पान कधीही नुसतं सहीचं ठेवू नका, त्यावर मागणीच्या किमान दोन-चार ओळी हव्यात. कोऱ्या पानावरची सही कुठल्याही मजकुराला जोडता येते, असा आक्षेप समोरून येतो. शपथपत्राची तर प्रत्येक पानावर सही, खाडाखोड झाली तर तिथं लहान सही, शेवटी वकिलांची ओळख. अंगठा असेल तर कुणाचा आणि कुठल्या हाताचा हे शेजारी लिहा आणि मजकूर वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे असा शेरा घ्या. हा शेरा शोभेला नसतो. खरोखर वाचून दाखवा. पांढऱ्या केसांची म्हातारी मंगळवेढ्याहून सकाळच्या एसटीनं आलेली असते, ती तुमच्यावर विश्वास ठेवून अंगठा उठवते. तिला कानडीतून सांगावं लागलं तर कानडी येणारं माणूस बोलवा आणि त्याचं नाव शेऱ्यात घ्या. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, तेव्हा गरीब माणसाला उगाच खर्चात पाडू नका.

पैशाचाच विषय निघाला म्हणून कोर्ट फी. मूल्यांकनाचा परिच्छेद साहेबांचा, भरणा तुमचा. ऑनलाईन भरलं तर चलनावरचं नाव, रक्कम आणि न्यायालय बघून मगच पुढं जा. चुकीच्या न्यायालयाच्या नावानं गेलेले पैसे परत मिळवायला खेटे घालावे लागतात. १९९४ च्या शासन अधिसूचनेनं महिलांना पोटगी, मालमत्तेचा वाद, अत्याचार, घटस्फोट अशा प्रकरणांत कोर्ट फी माफ केलेली आहे. वादी महिला असेल तर ती सवलत लागू होते का, हे साहेबांना आठवणीनं विचारा. वकीलपत्रावर कोर्ट फीच्या तिकिटाबरोबर वकील कल्याण निधीचं तिकीट राहून जातं, तेही बघा.

कागदयादी हा माझ्या मते फाईलचा आरसा आहे. "सात-बारा उतारा" एवढं लिहिलं तर काही कळत नाही. "मौजे अमुक, गट नं. अमुक, सन अमुक चा सात-बारा, डिजिटल सहीचा, पाने २" असं लिहा. मूळ, नक्कल की झेरॉक्स हा रकाना भराच. यादीला कोर्टाचा निशाणी क्रमांक पडतो आणि आतले कागद ३/१, ३/२ असे ओळखले जातात, म्हणून यादीतला क्रम आणि कागदावर वर उजवीकडं लिहिलेला क्रम एकच हवा. कागद तारखेच्या क्रमानं लावा. दाव्याबरोबर न दिलेला कागद नंतर दाखल करायला आदेश ७ नियम १४ प्रमाणं परवानगी मागावी लागते. म्हणून पक्षकाराला पहिल्याच भेटीत घरातली सगळी पिशवी घेऊन यायला सांगा. त्यात मोडीतले जुने कागद निघतात, विजयपूर-कलबुर्गीकडचे कानडी पहाणी उतारे निघतात, उर्दू खतं निघतात. त्यांचं भाषांतर किंवा लिप्यंतर जाणकाराकडून सहीनिशी करून घ्या आणि मूळ कागदाच्या लगेच मागं लावा. फिकट कागदाची टाईप केलेली प्रतही तिथंच. स्वतः अंदाजानं वाचून भरू नका. न वाचता येणाऱ्या जागी "अस्पष्ट" लिहिणं हेच प्रामाणिक आहे.

टायपिंगबद्दल. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी हे जुने फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसतात, पण दुसऱ्या मशीनवर उघडले की भलतीच चिन्हं येतात. त्यातून केलेल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, आणि ई-फायलिंगमध्ये तर मजकूर शोधता येणारी पीडीएफ अपेक्षित असते. म्हणून युनिकोडवर या, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका. पहिले काही आठवडे वेग पडेल, साहेबांना तसं आधीच सांगून ठेवा. जुने नमुने कन्व्हर्टरमधून काढले तर रफार, जोडाक्षरं आणि आकडे एकेक वाचून बघा, बिघाड नेमका तिथंच होतो. छापून पुन्हा स्कॅन करण्यापेक्षा वर्डमधून थेट पीडीएफ करा. सहीची पानं आणि जुने दस्तऐवजच तेवढे स्कॅन करा, ३०० डीपीआयवर, सरळ आणि कडा न कापता. मोबाईलच्या अॅपनं उताऱ्याच्या तळाची तारीख उडवल्याचं नेहमी बघतो. लांब पीडीएफला बुकमार्क द्या. दाखल झाल्यावर मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, तारीख बघायची वेळ आली की तोच कामाला येतो.

दाव्यात दुरुस्ती मंजूर झाली की हुकमात मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत मूळ दाव्यात लाल शाईनं दुरुस्ती करायची असते. हुकूम झाला म्हणजे काम झालं असं समजून पुष्कळ ऑफिसांत ते राहून जातं. रोजनामा, म्हणजे कोर्टातली रोजच्या कामाची नोंद बघा, डायरीत चढवा.

तुम्ही दिवाणीत आहात, पण जामिनाचं कामही येणारच. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि जुने नमुने धोक्याचे झाले. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा हायकोर्टाचा अधिकार होता. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ हे अटकपूर्व जामिनाचं कलम आहे आणि रद्द करण्याचा अधिकार ५२८ मध्ये गेलाय. नियमित जामिनाचं ४३९ आता ४८३ झालं. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहितेचीच कलमं राहतात. म्हणून कलम स्वतः बदलू नका, एफआयआर समोर ठेवून साहेबांना विचारा. मोबाईलमधले फोटो, व्हॉट्सअॅपचे संदेश, सीसीटीव्ही द्यायचं असेल तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे अ आणि ब असे दोन भाग असतात, पहिला देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडायचा अक्षर-अंकांचा कोड, भरायची असते. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब चं एका पानाचं प्रमाणपत्र जोडून चालत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, गाव, शाळा कुठंही उघड व्हायला नको. कायद्यानंही ते मना आहे. बहुतेक जण अर्जात काळजी घेतात आणि पीडीएफच्या नावात मात्र तिचंच नाव ठेवतात. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह लावून छापलं तर तिथल्या कॉम्प्युटरवर फाईल राहिली नाही ना, हे बघूनच निघा. आधार कार्डाची प्रत लागलीच तर आकडे झाकलेली द्या. पक्षकाराचे कागद व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका, ऑफिसच्या ग्रुपवरसुद्धा.

शेवटचं, हायकोर्टाचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात येतो, त्यामुळं आपली कामं आता मुंबईऐवजी तिकडं जातात. तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. तेव्हा खालच्या कोर्टात निकाल लागला की दावा, कैफियत, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज आणि त्यावरचा हुकूम, महत्त्वाच्या साक्षी आणि निकाल यांचा एक स्वच्छ संच सलग पानांकन करून ठेवा. मराठी कागदांपैकी कुठल्या पानांचं भाषांतर लागेल त्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि भाषांतराला लगेच द्या. कोल्हापूरच्या वकिलांचा फोन आला की पहिल्यांदा ते नकलेची तारीखच विचारतात, ती संचाच्या पहिल्या पानावर लिहिलेली असू द्या.